लोक काय म्हणतील, याचे तर्कशास्त्र

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी एक ठराव केला. नवरा गेला की बाईच्या कपाळाचे कुंकू पुसायचे, हातातल्या बांगड्या फोडायच्या, गळ्यातले मंगळसूत्र आणि पायातली जोडवी काढायची, ही प्रथा गावात यापुढे पाळायची नाही, असा तो ठराव. दोनच दिवसांनी, ६ मे रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि कोल्हापूर जिल्ह्यात स्मृतिशताब्दीचे कार्यक्रम चालू होते. ठरावाची बातमी बघता बघता राज्यभर गेली. त्याच महिन्यात राज्य सरकारच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले.

या प्रथेविरुद्ध कायदा नव्हता, कोर्टाचा हुकूम नव्हता, दंडाची भीती नव्हती. कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांची. आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर हे प्रकार लादू नयेत, असे त्यांनी स्वतःपुरते स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवले होते. हेरवाडचे सरपंच सुरगोंडा पाटील यांनी तो विषय ग्रामसभेत घेतला. ठराव मांडला एका बाईने आणि अनुमोदनही दिले बाईनेच.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट एका बैठकीत कशी हलली? आदल्या दिवशी गाव एका विचाराचे होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मतपरिवर्तन झाले, असे कुणी म्हणणार नाही. मयताच्या घरी कोवळ्या सुनेच्या बांगड्या फुटताना पोटात कालवाकालव होणाऱ्या बायका गावोगाव असतात. त्या बोलत नाहीत, कारण शेजारणीला हे पटेल का, भावकी काय म्हणेल, याचा त्यांना अंदाज नसतो. मनातल्या मनात असलेले मत आणि चारचौघांत मांडलेले मत यांत मोठे अंतर असते. ते अंतर नेमके किती आणि कसले, हे मोजण्याचे काम तर्कशास्त्राची एक शाखा गेली साठ वर्षे करते आहे. समूहाचे समज कसे तयार होतात, कसे पसरतात आणि कशाने मोडतात, हे समजून घ्यायला या शाखेचा आज फार उपयोग आहे.

तालमीतले कोडे

तर्कशास्त्र म्हटले की कॉलेजातले सॉक्रेटिसाच्या मर्त्य असण्याचे उदाहरण आठवते. त्यात विधान खरे की खोटे, एवढेच बघतात. ते कोणाला ठाऊक आहे, याला तिथे जागा नसते. फिनलंडचे तत्त्वज्ञ याको हिंटिका यांनी १९६२ मध्ये 'नॉलेज अँड बिलीफ' या पुस्तकात ती जागा करून दिली. 'धरणाचे दार उघडले आहे' हे एक विधान. 'दार उघडल्याचे सखूला ठाऊक आहे' हे दुसरे. 'सखूला ते ठाऊक असल्याचे रखमाला ठाऊक आहे' हे तिसरे. अशी विधाने एकावर एक रचून त्यांवर बीजगणितासारखे नियम चालवता येतात, हे हिंटिका यांनी दाखवले.

अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ मध्ये रूढी आणि संकेत कसे टिकतात याचा शोध घेताना पुढची पायरी गाठली. एखादी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असणे वेगळे, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक, तेही सगळ्यांना ठाऊक, असे कितीही पायऱ्या चालत राहणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला सामायिक ज्ञान म्हणू. इस्रायलचे गणितज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये त्याला काटेकोर गणिती रूप दिले. पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल ज्या दोघांना मिळाले, त्यांत ऑमन होते.

या शाखेतले सर्वांत गाजलेले कोडे चिखल लागलेल्या मुलांचे आहे. कोल्हापुरात ते तालमीत मांडावे. तीन पैलवान कुस्ती संपवून हौद्याबाहेर उभे आहेत. तिघांच्याही कपाळाला लाल माती लागली आहे. आरसा नाही, एकमेकांशी बोलायचे नाही, कपाळाला हात लावायचा नाही. प्रत्येकाला इतर दोघांची कपाळे दिसतात, स्वतःचे दिसत नाही. वस्ताद विचारतात, "आपल्या कपाळाला माती आहे, हे खात्रीने कोण सांगतो?" कुणाचाच हात वर होत नाही. दहा वेळा विचारले तरी होणार नाही.

आता वस्ताद एकच वाक्य बोलतात, "तुमच्यापैकी निदान एकाच्या तरी कपाळाला माती आहे." यात नवे काय सांगितले? प्रत्येकाला समोर दोन माखलेली कपाळे दिसतच आहेत. तरीही यानंतर वस्तादांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला सुरुवात केली, तर पहिल्या फेरीत सगळे गप्प, दुसऱ्या फेरीत गप्प, आणि तिसऱ्या फेरीत तिघांचे हात एकदम वर जातात.

हिशेब असा आहे. माती एकाच्याच कपाळाला असती, तर इतर दोघे स्वच्छ पाहून त्याने पहिल्याच फेरीत ओळखले असते. दोघांच्या असती, तर त्यांपैकी प्रत्येकाला एकच माखलेला गडी दिसला असता. तो गडी पहिल्या फेरीत गप्प राहिला, म्हणजे त्यालाही कुणाची तरी माती दिसते आहे आणि ती आपलीच, हे दोघांनी दुसऱ्या फेरीत ताडले असते. दुसरी फेरीही रिकामी गेली, त्या अर्थी माखलेले तिघे आहेत.

मग वस्तादांच्या वाक्याने नेमके काय बदलले? माती कुणाला तरी आहे, हे पहिल्या पैलवानाला आधीही ठाऊक होते. दुसऱ्यालाही ते ठाऊक आहे, हेही त्याला ठाऊक होते. पण तिसऱ्याला ते ठाऊक असल्याची दुसऱ्याला खात्री आहे की नाही, हे त्याला सांगता येत नव्हते. वस्ताद सगळ्यांसमोर मोठ्याने बोलले आणि ही शंकांची साखळी एका घावात तुटली. तेच वाक्य त्यांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन कानात सांगितले असते, तर एकाचाही हात वर गेला नसता. ग्रामसभेत वाचलेला ठराव आणि घराघरांत दबक्या आवाजात चाललेले बोलणे यांत हाच फरक असतो.

अळीमिळी गुपचिळी

मला ही प्रथा पटत नाही, पण बाकीच्यांना पटते, असे गावातल्या प्रत्येकाला वाटू लागले, की नको असलेली प्रथाही सुखाने नांदते. कुणी खोटे बोलत नसतो, तरी गावाची स्वतःविषयीची समजूतच चुकलेली असते. या प्रकाराकडे मानसशास्त्रज्ञ फ्लॉइड ऑलपोर्ट आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल काट्झ यांनी १९३० च्या सुमारास लक्ष वेधले. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असा प्रश्न उंदरांना पडला होता. इथे तर मांजरच नसते, आणि तरीही सगळे बिळात बसून राहतात.

हे नुसते तर्काचे इमले नाहीत. लिओनार्डो बुर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौदी अरेबियातल्या रियाध शहरात तरुण विवाहित पुरुषांना एक प्रश्न विचारला. बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांचे खासगी उत्तर 'करावी' असे होते. इतर पुरुषांचे मत काय असेल, यावर मात्र बहुतेकांनी विरोधाचा अंदाज वाढवून सांगितला. मग त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना खरे आकडे दाखवले. ज्यांना आकडे कळले, त्यांच्यापैकी अधिक जण आपल्या पत्नीचे नाव नोकरीसाठी नोंदवायला तयार झाले, आणि काही महिन्यांनी त्यांच्या घरच्या बायका नोकरीचे अर्ज करण्यातही पुढे होत्या. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुणाला उपदेश केला नव्हता. शेजाऱ्याच्या मनात काय आहे, एवढेच कळवले होते.

चीनमध्ये मुलींचे पाय बांधून खुरटवण्याची प्रथा शेकडो वर्षे चालली आणि साधारण एका पिढीत मोडली. अमेरिकेतले अभ्यासक गेरी मॅकी यांनी १९९६ मध्ये त्याचे कारण उलगडून दाखवले. एकट्या घराने मुलीचे पाय बांधले नाहीत, तर तिचे लग्न जमत नसे. मग काही कुटुंबांनी एकत्र येऊन मंडळे काढली आणि जाहीर शपथ घेतली, की मुलींचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून घरात आणणार नाही. शपथ उघड होती, म्हणून मुलींच्या बापांना धीर आला.

शाहू महाराजांनी हेच मर्म कोल्हापुरातल्या भाऊसिंगजी रस्त्यावर वापरले होते. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या हौदातले पाणी घेतल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले आणि त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज फिरायला निघाले की तिथे गाडी उभी करायला लावत, भर रस्त्यात चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजवाड्याच्या आत त्यांनी हाच चहा रोज घेतला असता, तर ती त्यांची खासगी बाब ठरली असती. रस्त्यावर सगळ्यांनी पाहिले, आणि सगळ्यांनी पाहिल्याचेही सगळ्यांनी पाहिले. याच राजाने १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा संस्थानात केला होता. हेरवाडच्या ठरावाला त्यांच्या स्मृतिशताब्दीचा मुहूर्त लाभणे म्हणूनच उचित होते.

रांगेचे गणित

गप्प राहिल्याने प्रथा टिकते, तशी दुसऱ्याकडे बघून अफवा वाढते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी सकाळी दिल्लीत गणपती दूध पीत असल्याची बातमी उठली. मोबाइल हातोहाती नव्हते, व्हॉट्सॲप जन्मलेही नव्हते. तरी फोनवरून ती दिवसभरात देशाच्या कानाकोपऱ्यांत आणि परदेशातल्या मंदिरांतही पोचली. महाराष्ट्रातही देवळांपुढे तांब्या-वाटी घेऊन रांगा लागल्या. केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवून दिले, की पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ ओघळ होऊन अंगावरून खाली उतरते.

दूध कुठे गेले, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न तिथे मिटला. एवढी शहाणीसुरती माणसे रांगेत कशी उभी राहिली, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे एक भक्कम उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी त्याआधी तीनच वर्षे, १९९२ मध्ये, दोन स्वतंत्र निबंधांतून दिले होते. एक निबंध सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च यांचा, दुसरा अभिजित बॅनर्जी यांचा. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आई मराठी, माहेरच्या पाटणकर. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले, ते गरिबीवरच्या कामासाठी. पण झुंडीच्या वागण्यावरचा त्यांचा हा जुना निबंध आजही अभ्यासला जातो.

त्यांनी उदाहरण घेतले होते शेजारी शेजारी असलेल्या दोन खाणावळींचे. कोल्हापूरपुरते मिसळीचे धरू. पहिल्या हॉटेलचे नाव गावात किंचित जास्त आहे. याखेरीज शंभर गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकाकडे स्वतःची म्हणून एक खबर आहे. ९९ जणांची खबर म्हणते, दुसरे हॉटेल चांगले. एकाची म्हणते, पहिले चांगले. योगायोगाने तो एकटा सर्वांत आधी येतो आणि पहिल्या हॉटेलात शिरतो.

दुसरा माणूस येतो. त्याची खबर दुसऱ्या हॉटेलची आहे. पण आधीचा पहिल्यात गेला, म्हणजे त्याच्याकडे पहिल्याची खबर असणार. एक खबर इकडची, एक तिकडची, फिटंफाट झाली. उरते गावातले नाव, आणि ते पहिल्याकडे झुकते. तोही पहिल्यात जातो. त्याच्याकडे कोणतीही खबर असती तरी त्याने हेच केले असते, त्यामुळे तिसऱ्याला त्याच्याकडून नवे काही कळत नाही. तिसरा नेमका दुसऱ्याच्याच पेचात सापडतो आणि तसाच वागतो. चौथा, पाचवा, शंभरावाही. संध्याकाळी पहिल्या हॉटेलापुढे रांग आणि दुसऱ्यात माशा. ९९ जणांची खरी खबर ९९ जणांच्या मनातच राहिली.

या गोष्टीत मूर्ख कुणीच नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता योग्य विचार केला. इथे शंका येईल, की थोडा अधिक विचार केला असता तर? मागची सगळी माणसे एकमेकांकडे बघूनच आत गेली आहेत, हे एखाद्याने ओळखले तर? ॲमस्टरडॅम विद्यापीठाशी संबंधित अलेक्झांड्रू बाल्टाग, झोई क्रिस्टॉफ, सोन्या स्मेट्स आणि त्यांचे सहकारी येन्स उल्रिक हान्सेन यांनी २०१३ मध्ये हाच प्रश्न ज्ञानाच्या तर्कशास्त्रात मांडून तपासला. इतरांना काय ठाऊक आहे, याचा अगदी बिनचूक विचार करणारी माणसे घेतली, तरी ती या प्रवाहातून बाहेर पडू शकत नाहीत, असे त्यातून निघाले. दोष डोक्यात नाही, रचनेत आहे. समोरच्याचे पाऊल दिसते, त्यामागची खबर दिसत नाही. 'स्वतः विचार करा' हा उपदेश म्हणूनच अपुरा पडतो. दारात शिरताना प्रत्येकाने आपली खबर मोठ्याने सांगितली असती, तर एकाविरुद्ध ९९ असा निकाल काही मिनिटांत लागला असता.

पाचामुखी परमेश्वर, पण पाच मुखे खरी हवीत

अनेकांचे मत एकट्यापेक्षा भरवशाचे असते, या लोकसमजुतीला गणिताचा आधार आहे. फ्रान्सच्या काँदोर्से यांनी १७८५ मध्ये ते सिद्ध केले. प्रत्येक माणूस १०० पैकी ६० वेळा बरोबर असतो, असे धरा. अशा तिघांचे बहुमत सुमारे ६५ वेळा बरोबर येते. १०१ जणांचे बहुमत सुमारे ९८ वेळा. मात्र यात एक अट आहे. प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने, दुसऱ्याकडे न बघता मत बनवलेले असले पाहिजे. एकाचेच ऐकून १०१ जण बोलू लागले, तर तोंडे १०१ असली तरी मत एकच राहते, आणि त्याचा भरवसा ६० वरून ६१ होत नाही.

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजचे असेच असते. मामांकडून आला, शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवरही आला, तेव्हा खरा असणार, असे वाटते. उगम मात्र एकच असतो, आणि तो कोण, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नसते. आपल्या न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले, पण ते कुणाच्याही शब्दाला नाही. सांगणारा आप्त हवा, म्हणजे त्याला त्या गोष्टीचे खरे ज्ञान हवे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची इच्छा हवी. ज्या मेसेजचा सांगणारा हरवला, तो या कसोटीला पहिल्याच पायरीवर उतरत नाही.

या हरवलेल्या सांगणाऱ्यापायी महाराष्ट्रात माणसे मेली आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज राज्यभर पसरले होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांवर लोकांना संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथेच जमावाने मारून टाकले. त्यांनी मूल पळवताना कुणी पाहिले नव्हते, कारण पळवलेले मूलच नव्हते. पण मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढच्याचा संताप दिसत होता, आणि तो संताप हाच त्याच्यासाठी पुरावा झाला. मिसळीच्या रांगेत जे घडते, तेच इथे काठ्यांनिशी घडले.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पाठवण्यावर बंदी घातली. २०२० च्या एप्रिलमध्ये फार वेळा फिरलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. त्यानंतर असे मेसेज जगभरात ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. मेसेजवर दिसणारी दुहेरी बाणाची खूण हाही त्याच उपायाचा भाग आहे. लिहिणारा हा नव्हे, एवढे तरी ती सांगते.

कोल्हापूर शहराने या गोष्टींची झळ स्वतः सोसली आहे. काही तरुणांनी मोबाइलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी शहरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावे लागले. इंटरनेट बंद केल्याने नवी ठिणगी पडायची थांबते. पण त्याच वेळी खुलासा पोचायचा रस्ताही बंद होतो, आणि शेजारच्या गल्लीत सगळे शांत आहे, हे कळायला वाव राहत नाही. अशा वेळी वेगवेगळ्या समाजांची ओळखीची माणसे एकत्र चौकात उभी दिसणे हे मोठे काम करते. ती काय बोलतात, याइतकेच ती सगळ्यांना एका वेळी दिसतात, यालाही महत्त्व आहे.

बंधाऱ्यावरचा आकडा

अफवेवर उपाय शोधायला कोल्हापूरकरांना लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी हा जिल्ह्यातल्या प्रत्येक घरातला विषय असतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरेही सांगतात. पातळी फूट-इंचात रोज अनेकदा जाहीर होते, त्याबरोबर राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, तेही कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि निम्म्या शहराची दैना झाली, तेव्हाही अफवांच्या गर्दीत भरवशाचा आधार होता तो याच आकड्याचा.

हा आकडा का चालतो? सांगणारा ठरलेला आहे, मोजण्याची जागा ठरलेली आहे, आणि शंका आली तर बंधाऱ्यावर जाऊन पाहता येते. शिवाय आपण पाहिला तसा तो शेजाऱ्यानेही पाहिला असणार, याची प्रत्येकाला खात्री असते. पातळी वाढू लागली की प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत जनावरे घेऊन माणसे हलायला लागतात. पहिला कोण निघतो, याची कुणी वाट बघत बसत नाही. समूहाने शहाण्यासारखे वागावे, यासाठी लागणारी सगळी अंगे या एका साध्या व्यवस्थेत आहेत.

हीच व्यवस्था दंगलीच्या, साथीच्या, निवडणुकीच्या काळातही उभी करता येईल. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने, पडताळता येईल अशी माहिती सगळ्यांना एकदम द्यायची. प्रशासन बहुतेक वेळा खुलासा करते, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. तोवर अफवा गाव ओलांडून गेलेली असते.

उघडपणाची ही ताकद दुष्ट कामालाही तितकीच उपयोगी पडते, हे विसरून चालणार नाही. जातपंचायतीचा बहिष्कार याच जोरावर चालतो. बहिष्कृताशी बोलणाऱ्यावरही बहिष्कार पडेल, हे सगळ्यांना ठाऊक, आणि ते सगळ्यांना ठाऊक असल्याचेही सगळ्यांना ठाऊक. म्हणून ज्याला तो अन्याय दिसतो, तोही पाळतो. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची मोठी मेहनत होती. शंका उघड बोलण्याची किंमतही या राज्याने पाहिली आहे. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २०१३ मध्ये पुण्यात खून झाला. 'शिवाजी कोण होता?' लिहिणारे गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. जे बोलतात त्यांना गप्प केले, की बाकीच्यांना आपण एकटेच आहोत असे वाटू लागते. मारणाऱ्यांना नेमके तेच हवे असते.

ठराव झाला म्हणजे प्रथा गेली, असेही नाही. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने तसाच ठराव केला. १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांच्या उपस्थितीत परिषद भरली होती, तेच हे माणगाव. पुढे राज्यातल्या सात हजारांहून अधिक गावांनी असे ठराव केल्याचे झिंजाडे यांनी सांगितले. त्यांतल्या किती घरांत मयताच्या दिवशी तो पाळला जातो, हे त्या त्या घरच्या माणसांवर आहे. पण ज्या बाईला आता नकार द्यायचा आहे, तिच्यामागे गावाने एकत्र उच्चारलेला शब्द आहे. आधी तो नव्हता.

वाचकांनी यातून दोन सवयी उचलाव्यात. आपल्याला न पटणारी रूढी घरात, भावकीत किंवा सोसायटीत चालत असेल, तर कुजबूज न करता बैठकीत विषय काढावा. पहिले वाक्य बोलायला जड जाते, पण आपल्यासारखेच वाटणारे आणखी कितीजण बसले आहेत, हे त्याशिवाय कळत नाही. आणि ग्रुपवर एखादा भडक मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर विचारावे, की हे कुणी पाहिले? उत्तर खासगीत मिळाले, तरी ते त्याच ग्रुपवर टाकावे. ज्यांनी अफवा वाचली, त्या सगळ्यांनी खुलासाही वाचला पाहिजे.